मॅकरोनी, चीज आणि कढीचे बेसन

कढी फुटली म्हणजे काय होते, हे कोणाही गृहिणीला सांगावे लागत नाही. ताक चुलीवर ठेवले, ढवळणारा हात थांबला, उकळी आली, की चोथा एकीकडे आणि पाणी एकीकडे. म्हणून आपण ताकाला आधी बेसन लावतो. का लावायचे, असे विचारले तर ‘कढी दाट व्हावी म्हणून’ असे उत्तर मिळते. ते खोटे नाही, पण अर्धेच आहे. उरलेले अर्धे उत्तर मला एका परक्या पदार्थाने शिकवले. तो पदार्थ म्हणजे भट्टीत भाजलेली मॅकरोनी आणि चीज.

आता तुम्ही म्हणाल, आमचा आणि त्याचा संबंध काय? तर संबंध असा, की मॅकरोनीची पाकिटे हल्ली तालुक्याच्या किराणा दुकानातही टांगलेली दिसतात आणि चीजची वडी डेअरीच्या शीतपेटीत मिळते. मुले हट्ट करतात. मग आई कांदा-टोमॅटोची फोडणी देऊन उपम्यासारखी मॅकरोनी करते. तीही चांगलीच लागते, तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण मूळचा पदार्थ इंग्लंड-अमेरिकेतला, दुधातुपातला, अगदी निराळा आहे. तो करताना जे बिघडते ते का बिघडते हे कळले, तर आपल्या स्वयंपाकातलेही पुष्कळ काही उलगडते.

आधी मॅकरोनी. ती काही आकाशातून पडलेली वस्तू नव्हे. उन्हाळ्यात आपल्याकडे पाटावरच्या शेवया होतात, गव्हले होतात, नखुले होतात; ती याच कुळीतली. विदर्भातली मंडळी तर सरगुंडे करतात. भिजवलेल्या कणकेची दोरी बारीक काडीवर गुंडाळायची, अलगद सरकवून काढायची आणि वाळवायची. आत पोकळी राहते. ही झाली हातची मॅकरोनी! कारखान्यात हेच काम साचा करतो. साच्याच्या भोकात मधोमध एक खिळा असतो. दाबाने येणारे पीठ त्याच्याभोवतीने बाहेर पडते आणि नळी तयार होते.

गहू मात्र निराळा लागतो. ज्याला इंग्रजीत ड्युरम म्हणतात तो म्हणजे आपला बन्सी. टणक, पिवळसर दाण्याचा, शेवयांसाठी आपल्या आज्या निवडून ठेवीत तोच. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत या जातीच्या गव्हावर वर्षानुवर्षे काम चालू आहे. बन्सीच्या रव्याची मॅकरोनी शिजली तरी ताठ राहते. मैद्याची पटकन लगदा होते. तेव्हा पाकीट घेताना त्यावरचे बारीक अक्षर वाचावे. ड्युरम गव्हाचा रवा असे लिहिले असेल तर ती घ्यावी.

आता चीज. पुष्कळांना वाटते, चीज म्हणजे पनीरच, जरा खारवलेले. तसे नाही. पनीर आपण लिंबू पिळून, म्हणजे आम्लाने नासवतो. चीजसाठी दूध विरजण आणि रेनेट नावाचे द्रव्य घालून गोठवतात. दुधातल्या प्रथिनाचे कण चुन्याच्या अंशाने, म्हणजे कॅल्शियमने, एकमेकांना जोडलेले असतात. आम्लाने नासवताना यातला पुष्कळसा चुना निवळीबरोबर निघून जातो. रेनेटने गोठवताना तो आत राहतो. म्हणून चीज तापवले की मऊ होऊन वाहते, आणि पनीर कितीही तापवा, तुकड्याचा तुकडाच राहतो. रेनेट पूर्वी वासराच्या जठरातून काढीत. हे ऐकून कोणी दचकेल, म्हणून सांगतो, की आता सूक्ष्म जंतूंपासूनही ते बनवतात. वेष्टनावरचा हिरवा ठिपका पाहावा आणि निःशंक व्हावे.

मी हा पदार्थ पहिल्यांदा केला तो पुस्तक न वाचता. दूध उकळले, त्यात किसलेले चीज टाकले, आणखी उकळले. पाहतो तो काय, खाली रबरासारखा गोळा, वर तेलाचा तवंग आणि मधे फिक्कट पाणी. अडीचशे ग्रॅम चीज, म्हणजे काही स्वस्त वस्तू नव्हे. सौभाग्यवती दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, “अहो, ताक काय नि चीज काय, दुधाचंच ना? पीठ न लावता उकळलंत तर फुटणारच.”

त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे होते. चीजमध्ये साधारण एक-तृतीयांश स्निग्धांश, त्याहून थोडे अधिक पाणी आणि सुमारे एक-चतुर्थांश प्रथिन असते. प्रथिनाची जाळी आणि त्या जाळीत अडकलेले लोण्याचे थेंब, असे त्याचे चित्र डोळ्यापुढे आणा. ऊब लागली की आधी लोणी पातळ होते, मग जाळी सैल पडते. चीज वितळले असे आपण म्हणतो ते याला. इथे थांबले तर ठीक. आच आणखी वाढली की जाळी आकसते, पिळलेल्या फडक्यासारखी, आणि पाणी नि लोणी बाहेर टाकते. आता यात शिजलेले पीठ असेल तर काय होते? पिठाचे कण पाणी पिऊन फुगतात, प्रथिनांच्या मधे जाऊन बसतात, त्यांना एकमेकांना घट्ट बिलगू देत नाहीत. लोण्याच्या थेंबांनाही एकत्र येऊ देत नाहीत. कढीत बेसन करते तेही हेच. दाटपणा ही वरकड कमाई.

शिक्षकबंधू-भगिनींनो, हे वर्गात दाखवता येते. दोन वाट्या सारखेच आंबट ताक घ्या. एकात चमचाभर बेसन नीट कालवा, दुसरे तसेच राहू द्या. दोन्ही उकळा. मुले एरवी जे पाठ करतात ते इथे डोळ्यांनी पाहतील, आणि घरी जाऊन आईला सांगतील.

दुसरा एक उपाय शास्त्रज्ञांनी काढला. १९११ साली स्वित्झर्लंडमध्ये वॉल्टर गेर्बर आणि फ्रिट्झ श्टेटलर यांनी चीज तापवताना त्यात सायट्रेट क्षार मिसळला. हा क्षार प्रथिनांमधला चुना ओढून घेतो, प्रथिने मोकळी होतात आणि तेल-पाण्याला धरून ठेवतात. अमेरिकेत जेम्स क्राफ्ट यांनी प्रक्रिया केलेल्या चीजचे पेटंट १९१६ मध्ये मिळवले. आपल्याकडे ‘प्रोसेस्ड’ म्हणून जी वडी मिळते ती याच घराण्यातली. ती सहसा फुटत नाही, पण चवीला सौम्य नि खारट असते. मुरलेले चेडार, म्हणजे मूळचे इंग्लंडच्या सॉमरसेट परगण्यातले, चवीला खमंग. पण जितके जुने तितके फुटायला हळवे. माझे मत विचाराल तर दोन्ही मिसळावीत. चव एकाची, शिस्त दुसऱ्याची.

हा पदार्थ कोणी काढला? इंग्लंडच्या दुसऱ्या रिचर्ड राजाच्या मुदपाकखान्यात १३९० च्या सुमारास लिहिलेल्या पाकपुस्तकात कणकेच्या उकडलेल्या पट्ट्यांवर लोणी आणि चीज घालण्याची कृती आहे. १७६९ मध्ये एलिझाबेथ रॅफल्ड या बाईंनी आपल्या पुस्तकात मॅकरोनी, साय, पिठात घोळवलेले लोणी आणि वर पार्मेझान चीज अशी कृती छापली. म्हणजे ‘बेसन लावण्याची’ युक्ती तेव्हाही होती. अमेरिकेत मात्र एक समज आहे, की हा पदार्थ टॉमस जेफर्सन यांनी आणला. जेफर्सन म्हणजे १७७६ चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिणारे, सर्व माणसे समान जन्माला येतात असे सांगणारे. त्यांनी मॅकरोनीच्या यंत्राचे चित्र काढले होते, हे खरे. पण लोणी तापवून त्यात पीठ परतण्याचे शिक्षण घेतले ते जेफर्सन यांनी नव्हे.

ते घेतले जेम्स हेमिंग्ज या तरुणाने. तो जेफर्सन यांचा गुलाम. १७८४ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, धन्याबरोबर तो पॅरिसला गेला आणि तिथल्या उत्तम आचाऱ्यांच्या हाताखाली शिकला. पुढे जेफर्सन यांच्या तिथल्या बिऱ्हाडाचा मुख्य आचारी झाला. फ्रान्सच्या भूमीवर त्याला कायद्याने मुक्तता मागता आली असती. तो १७८९ मध्ये परत अमेरिकेला आला. १७९३ मध्ये जेफर्सन यांनी एक करार लिहून दिला. जेम्सने दुसऱ्या एकाला आपल्यासारखा आचारी करून दाखवावा, मग त्याला मुक्त करण्यात येईल. जेम्सने आपला धाकटा भाऊ पीटर याला शिकवले. १७९६ मध्ये जेम्स सुटला. पीटर त्याच चुलीपुढे, गुलामच, उभा राहिला.

शिकवणे हाच ज्याचा धंदा आहे त्याला ही गोष्ट वाचून स्वस्थ बसवत नाही. विद्यार्थी जितका लवकर तयार होईल तितकी गुरूची सुटका लवकर, आणि विद्यार्थी कोण, तर सख्खा भाऊ! त्या स्वयंपाकघरात पीठ परतताना दोघे एकमेकांशी काय बोलले असतील?

पुढे १८०१ मध्ये जेफर्सन राष्ट्राध्यक्ष झाले. त्यांनी जेम्सला स्वयंपाकासाठी बोलावणे धाडले, पण दुसऱ्याकरवी. जेम्सने कळवले, की मालकांनी स्वतःच्या हाताने चार ओळी लिहाव्यात. त्या आल्या नाहीत, आणि तो गेला नाही. त्याच वर्षी तो वारला. जेमतेम छत्तीस वर्षांचा होता. १८०२ मध्ये अध्यक्षांच्या पंक्तीला मॅकरोनी होती. जेवायला आलेल्या मॅनॅसे कटलर या गृहस्थांनी ती आपल्याला रुचली नाही असे लिहून ठेवले आहे. जेम्सच्या हातची स्वयंपाकघरातल्या भांड्यांची यादी मात्र आजही जपलेली आहे. आणि अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या घरी सणावारी, आपल्याकडे पुरणपोळी असावी तशी, भट्टीत भाजलेली मॅकरोनी असतेच.

डब्यातली झटपट मॅकरोनी ही फार अलीकडची. १९३७ मध्ये, मंदीच्या दिवसांत, एकोणीस सेंटला चौघांचे जेवण अशी जाहिरात करून ती विकायला आली. तिच्यावर आपण वेळ घालवायला नको.

आता कृती. पाच-सहा माणसांना पाव किलो मॅकरोनी, पाऊण लिटर दूध, चाळीस ग्रॅम लोणी, तीस ग्रॅम मैदा, पाव किलो चीज, चिमूटभर मोहरीची पूड, मिरपूड, आणि वर पसरायला शिळ्या पावाचा वाटीभर चुरा.

मॅकरोनी अडीच-तीन लिटर खळखळत्या पाण्यात मीठ घालून शिजवा. पण पाकिटावर सांगितलेल्या वेळेच्या दोन मिनिटे आधीच उतरवून निथळा. दाताखाली जरा कचकली पाहिजे. ती पुढे सॉसमधले दूध पिणार आहे, तेवढी जागा तिच्या पोटात ठेवायची.

जाड बुडाच्या पातेल्यात लोणी वितळवा, मैदा घाला आणि मंद आचेवर दोन मिनिटे परता. बेसनाच्या लाडवासारखे तांबूस करायचे नाही. कच्चा वास गेला की पुरे. लोण्यामुळे मैद्याचा कण न् कण सुटा होतो, म्हणून गुठळी होत नाही. मग कोमट दूध थोडेथोडे घालून सारखे ढवळा. उकळी येऊ द्या, मंद आचेवर चार-पाच मिनिटे शिजू द्या. चमच्याच्या पाठीला पातळ थर धरला की झाले. आता पातेले खाली उतरवा. हो, खाली! वाफ जरा निवली की किसलेले चीज मूठमूठ घालून ढवळा. चीज घातल्यावर पुन्हा उकळायचे नाही, ही एक गोष्ट पाळली तर बाकीच्या चुका झाकून जातात. मोहरी नि मिरपूड घाला. मीठ चाखूनच, कारण चीज खारट असते.

मॅकरोनी त्यात मिसळा. मिश्रण तुम्हाला जरा जास्तच पातळ वाटेल. वाटू द्या. बहुतेकांचा पदार्थ कोरडा होतो तो इथेच. आत्ता दाट दिसणारे मिश्रण भट्टीतून निघेल तेव्हा सुके ठणठणीत झालेले असते. तूप लावलेल्या भांड्यात ओता, वर थोडे चीज आणि लोण्यात परतलेला पावाचा चुरा पसरा.

भट्टी असेल तर १८० अंश सेल्सिअसवर वीस-पंचवीस मिनिटे. कडेला बुडबुडे दिसले की काढा. भट्टी नसेल तर? कोकणात काकडीचे धोंडस वरखाली निखारे ठेवून भाजतात, तेच करा. जुन्या जाड पातेल्यात दोन बोटे वाळू किंवा जाडे मीठ पसरा, त्यावर लहानशी तिवई ठेवा, झाकण लावून दहा मिनिटे तापवा. मग आत भांडे ठेवून झाकणावर निखारे घाला. अर्धा तास लागेल. गॅसवर करीत असाल आणि निखारे नसतील, तर वरचा थर तांबूस होणार नाही. म्हणून चुरा आधीच तव्यावर लोण्यात चांगला खरपूस करून ठेवावा आणि शेवटी पसरावा.

बाहेर काढल्यावर दहा मिनिटे तसेच राहू द्या, म्हणजे सॉस आळतो आणि वाढताना पाणी सुटत नाही. दुसऱ्या दिवशी उरलेली गरम करायची झाली तर वर दोन चमचे दूध शिंपडून, झाकण ठेवून, अगदी मंद आचेवर. घाई केलीत तर वर तेल दिसेल, आणि कोणी ना कोणी दारात उभे असेलच.