ध्वजभंग : वाजीकरणापूर्वी निदान

आलापल्लीच्या सागवनी परिसरात पुरुष रुग्ण क्वचितच ध्वजभंगाची तक्रार स्पष्ट शब्दांत मांडतो. 'अशक्तपणा आहे, मुसळी द्या' एवढेच तो सांगतो. औषधालयात तर तेवढेही सांगावे लागत नाही. ही मागणी पुरविण्यापूर्वी निदान का आवश्यक आहे, याकडे आम्ही वैद्यबंधूंचे व औषधविक्रेत्यांचे लक्ष वेधू इच्छितो.

चरकाचार्यांनी चिकित्सास्थानाच्या ३० व्या अध्यायात क्लैब्याचे बीजोपघातज, ध्वजभंगज, जराज व शुक्रक्षयज असे चार प्रकार वर्णिले आहेत. सुश्रुताचार्यांनी मानस क्लैब्यही सांगितले आहे. तक्रार अकस्मात उद्भवली असून पहाटेचे उत्थान टिकून असेल, तर चिंता, भय, दांपत्यातील विसंवाद यांचा शोध घ्यावा. तक्रार क्रमाने वाढली असल्यास मधुमेह, उच्च रक्तदाब, मद्यपान व चालू औषधे यांचा विचार करावा. शिश्नाच्या धमन्या हृदयाच्या धमन्यांहून सूक्ष्म असल्याने विकृती तेथे आधी जाणवते; म्हणून हे लक्षण हृद्रोगाची पूर्वसूचना ठरू शकते.

आपल्या भागात आणखी दोन प्रश्न विचारलेच पाहिजेत. पहिला खर्ऱ्याचा. त्यातील तंबाखू रक्तवाहिन्या आकुंचित करते. खर्रा सुटल्याशिवाय औषधाचा पूर्ण गुण येणे कठीण. दुसरा सिकलसेलचा. गडचिरोली व चंद्रपूर जिल्ह्यांत हा आनुवंशिक विकार मोठ्या प्रमाणावर आढळतो. या रुग्णांत कामेच्छेविना दीर्घकाळ वेदनायुक्त उत्थान राहते, आणि असे वारंवार झाल्यास ऊती कठीण होऊन कायमचा ध्वजभंग होतो. चार तासांहून अधिक टिकणारे उत्थान ही आणीबाणी समजून रुग्णास तत्काळ रुग्णालयात पाठवावे. लज्जेने घालविलेली रात्र फार महागात पडते. अशा रुग्णास वाजीकर चूर्ण देणे सर्वथा अनुचित होय.

चिकित्सेत निदानपरिवर्जन प्रथम. रक्तशर्करा, रक्तदाब, स्निग्धांश व आवश्यकतेनुसार सिकलसेल तपासणी करावी. शास्त्राने शोधनानंतरच वाजीकरण सांगितले आहे, हे विसरू नये. त्यानंतर प्रकृती व अग्निबल पाहून अश्वगंधा, कपिकच्छू, गोक्षुर, मुसळी यांची योजना करावी. मानस प्रकारात पत्नीसह समुपदेशन औषधाइतकेच महत्त्वाचे आहे.

१९९८ पासून उपलब्ध झालेले सिल्डेनाफिल अनेकांना उपयुक्त ठरते; परंतु हृद्रोगासाठी नायट्रेट घेणाऱ्यास ते प्राणघातक ठरू शकते. सिकलसेल रुग्णांवरील त्याचे एक परीक्षण वेदनेचे झटके वाढल्याने २००९ मध्ये थांबवावे लागले. 'वनौषधी' म्हणून विकल्या जाणाऱ्या काही कामोत्तेजक उत्पादनांत हेच द्रव्य गुप्तपणे मिसळलेले आढळले आहे. अर्ध्या तासात गुण देणाऱ्या चूर्णाविषयी म्हणूनच औषधविक्रेत्यांनी साशंक असावे. परवाना क्रमांक व घटकद्रव्ये पाहिल्याविना माल स्वीकारू नये. लैंगिक सामर्थ्यवृद्धीची जाहिरात १९५४ च्या कायद्याने निषिद्ध आहे, याचेही स्मरण असावे.

संकोचाने आलेल्या रुग्णास एकांत द्यावा व त्याचे पूर्ण ऐकून घ्यावे. पुडी बांधण्यापूर्वी विचारलेले चार प्रश्न त्याचे पौरुषच नव्हे, कदाचित प्राणही वाचवतील.