ज्वालामुखी आणि मान्सूनचा हिशेब

बालाघाटचा काळा कातळ आणि बीड जिल्ह्यातील कापसाची काळी जमीन ही दोन्ही ज्वालामुखीचीच देणगी होय. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूपृष्ठाच्या भेगांतून लाव्हारसाचे थरावर थर पसरले आणि दख्खनचे पठार घडले. या जमिनीवरील कोरडवाहू पीक मात्र पावसाच्या हवाली आहे आणि त्या पावसावरही दूरदेशीच्या ज्वालामुखीची सावली पडू शकते.

ज्वालामुखीची राख लवकर खाली बसते. दीर्घकाळ परिणाम करतो तो गंधकाचा वायू. मोठ्या उद्रेकात तो ढगांच्याही वरच्या, पाऊस जेथे पोहोचत नाही अशा स्तरात शिरतो. तेथे त्याचे आम्लाचे सूक्ष्म तुषार बनतात आणि वर्ष-दोन वर्षे सूर्यप्रकाश परतवीत राहतात. १९९१ साली फिलिपाइन्समधील पिनातुबोने दीड ते दोन कोटी टन सल्फर डायऑक्साइड वर फेकला. जगाचे सरासरी तापमान सुमारे अर्ध्या अंशाने उतरले.

यावरून काही शास्त्रज्ञांनी असे सुचविले आहे की, विमानांतून गंधकाचे असेच तुषार फवारून तापती पृथ्वी थंड करावी. उपाय तुलनेने स्वस्त आहे, हे नाकारता येणार नाही. तथापि स्वस्त कोणाला, हा अर्थशास्त्राचा पहिला प्रश्न येथे विचारलाच पाहिजे. जमीन समुद्रापेक्षा अधिक तापते म्हणून मान्सूनचे वारे आत ओढले जातात. सूर्यप्रकाश अडला की जमीन समुद्रापेक्षा लवकर निवते आणि ती ओढ मंदावू शकते. पिनातुबोनंतरच्या वर्षभरात जगाच्या भूभागावरील पर्जन्यमानात लक्षणीय घट नोंदली गेली.

१९७२ चा दुष्काळ ज्वालामुखीने आणला नव्हता. परंतु पाऊस हुकला की काय होते, हे खडी फोडायला गेलेल्या मराठवाड्यातील शेतकऱ्यांनी तेव्हा भोगले. आजही दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी घरदार सोडणाऱ्या बीडच्या कुटुंबाजवळ आणखी एक नापिकी सोसण्याइतकी शिल्लक नाही.

संशोधनास विरोध असण्याचे कारण नाही. मात्र गारव्याचा लाभ एकाने घ्यावा आणि अवर्षणाची जोखीम दुसऱ्याने वाहावी, हा व्यवहार न्याय्य नव्हे. म्हणून मान्सूनवर जगणाऱ्या देशांची संमती आणि नुकसानभरपाईची बंधनकारक तरतूद यांवाचून असा प्रयोग मोठ्या प्रमाणावर होऊ नये, हा आग्रह भारताने आजच धरला पाहिजे. ज्वालामुखीला जाब विचारता येत नाही. आकाशात गंधक फवारणाऱ्या सरकारांना तो विचारता आला पाहिजे.