आतून कडी लावलेला देश

ग्रीसच्या डोक्यावर, समुद्रापलीकडे इटली, असा डोंगराळ अल्बानिया. आकाराने महाराष्ट्राच्या दहाव्या हिश्शाहूनही लहान. या देशाने चार दशके स्वतःला जगापासून असे काही तोडून घेतले की शेजाऱ्यालाही आत डोकावता येईना. हे एका रात्रीत घडले नाही. एकेक दार बंद होत गेले.

मुळात धास्ती होती ती गिळले जाण्याची, आणि ती निराधार नव्हती. १९१२ मध्ये तुर्की साम्राज्यातून अल्बानिया सुटला. पण बड्या राष्ट्रांनी लंडनमध्ये सीमा आखल्या तेव्हा जवळजवळ निम्मे अल्बानियन बाहेरच राहिले. १९३९ च्या गुड फ्रायडेला मुसोलिनीचे सैन्य उतरले. राजे झोग राणीला आणि दोन दिवसांच्या बाळाला घेऊन परागंदा झाले.

कम्युनिस्ट आले ते या पोकळीत. १९४१ च्या नोव्हेंबरात युगोस्लाव्ह कॉम्रेडांच्या मदतीने तिरानात पक्ष उभा राहिला. नेता एन्व्हर होजा, फ्रान्समध्ये शिकलेला, फ्रेंच शिकवणारा मास्तर. १९४४ च्या अखेरीस जर्मन गेले आणि सत्ता त्याच्या हाती आली. रशियाच्या लाल सेनेने इथे पाऊलही ठेवले नव्हते. सगळी मेख इथेच आहे. जो मॉस्कोच्या रणगाड्यावर बसून आला नाही, त्याला मॉस्कोचे ऐकण्याची सक्तीही नव्हती.

पहिले बिनसले युगोस्लाव्हियाशी. टिटोला अल्बानिया आपल्या संघराज्यात हवा होता. १९४८ मध्ये स्टालिनने टिटोला वाळीत टाकताच होजाने संधी साधली. पक्षातला प्रतिस्पर्धी कोची जोजे पुढच्या वर्षी टिटोचा हस्तक म्हणून मारला गेला. मैत्री तुटली की घरातलेच कोणीतरी फितूर ठरायचे, ही रीत तेव्हापासूनची!

मग रशियाची पाळी. ख्रुश्चेव्हने दिवंगत स्टालिनवर टीकेची झोड उठवली, टिटोशी गोडीगुलाबी केली, आणि १९५९ मध्ये पाहुणा म्हणून येऊन कारखान्यांऐवजी संत्र्या-लिंबांच्या बागा लावायचा सल्ला दिला. १९६१ मध्ये संबंध तुटले. व्लोरा बंदरातल्या बारा पाणबुड्यांपैकी आठ रशियन घेऊन गेले, चार होजाकडे राहिल्या. त्यानंतर आधार फक्त चीनचा. निक्सन पेकिंगला गेले, तसा तोही नकोसा झाला. १९७८ मध्ये चिनी मदत थांबली. तत्पूर्वी, १९७६ च्या राज्यघटनेने परदेशी कर्जावरच बंदी घातली होती.

आत काय चालले होते? १९६७ मध्ये मशिदी आणि चर्च यांना टाळी लागली. देश अधिकृतपणे निरीश्वरवादी झाला. खासगी मोटार ठेवायची नाही. शेतात, समुद्रकिनारी, वस्त्यांमध्येसुद्धा काँक्रीटचे खंदक, दीड लाखाच्या वर. त्यांतून ज्या शत्रूवर गोळी झाडायची, तो कधी आलाच नाही.

या बंद दाराची झळ थेट कलकत्त्यापर्यंत पोहोचली होती. मदर तेरेसा जन्माने अल्बानियन. त्यांची आई आणि बहीण तिरानात राहत. म्हाताऱ्या आईला लेकीला एकदा पाहायचे होते; पण ना आईला बाहेर पडू दिले, ना नोबेलच्याही आधी जगभर नाव झालेल्या लेकीला आत येऊ दिले. आई १९७२ मध्ये गेली, बहीण १९७३ मध्ये.

होजा १९८५ मध्ये वारला. १९८९ मध्ये मदर तेरेसांना प्रवेश मिळाला. होजाच्या पत्नीलाही त्या भेटल्या. आईची आणि बहिणीची भेट मात्र कबरींपाशीच झाली.