शंभर वर्षांच्या सागाचा डोळा

भालकीजवळच्या आमच्या शेताच्या बांधावर साग उभे आहेत. वडिलांनी ते १९९६ साली 'टिश्यूची रोपं' म्हणून साध्या रोपांपेक्षा कितीतरी जास्त पैसे मोजून आणले. संपादकांनी टिश्यू कल्चरवर लेख मागितला, तेव्हा आधी तो बांधच डोळ्यांपुढे आला.

सागाच्या या विद्येचं माहेर पुणं. तिथल्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत जगन्नाथन, मस्कारेन्हस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शंभर वर्षांच्या सागाच्या डोळ्यांपासून बाटलीत रोपं तयार केली आणि १९८० साली ते काम प्रसिद्ध केलं. पुढे याच प्रयोगशाळेत बांबूला बाटलीतच फुलं आली. जंगलात बांबू फुलायला कित्येक दशकं लागतात, म्हणून १९९० साली 'नेचर'मधून ही बातमी जगभर गेली.

शंभर वर्षांचंच झाड का, याचं उत्तर सोपं आहे. बी म्हणजे दोन झाडांची सरमिसळ, रोप बापासारखं निघेलच असं नाही. सरळ खोडाचा, कमी फांद्यांचा साग खरंच चांगला की नाही, हे कळेपर्यंत तो म्हातारा झालेला असतो. आणि म्हाताऱ्या झाडाचा डोळा भारी हट्टी. त्याच्यावर धूळ आणि बुरशी असते. ती धुऊन काढली तरी कापलेल्या जागेतून पाझरणाऱ्या रसाने बाटलीतलं आगर, म्हणजे डोळा ज्यात रोवतात ती जेली, तपकिरी पडतं आणि डोळा आपल्याच रसात मरतो. म्हणून त्याला पुन्हा पुन्हा ताज्या आगरावर हलवावं लागतं.

हे हलवणं मी एका प्रयोगशाळेत तासभर पाहिलं. गाळलेल्या हवेच्या झोतासमोर एक ताई बसल्या होत्या. चिमटा स्पिरिटमध्ये बुडवायचा, ज्योतीवरून फिरवायचा, थंड होऊ द्यायचा, फुटव्याचं एक पेर कापायचं, नव्या बाटलीत उभं करायचं, झाकण लावायचं. हात बाटलीच्या तोंडावरून एकदाही गेला नाही. एका फुटव्याची चार पेरं, चार पेरांचे चार फुटवे, असा हा गुणाकार चालतो. बाटलीतली पानं मात्र सुखात वाढलेली. आतल्या दमटपणात त्यांच्यावर मेणाचा थर नीट धरत नाही, रंध्रं मिटायला शिकत नाहीत. उघड्यावर ठेवलं तर रोप काही तासांत मान टाकतं. त्याला आठवडे-आठवडे प्लास्टिकखाली ठेवून हळूहळू बाहेरची हवा दाखवतात.

इथवरची कारागिरी पाहून मी भारावून गेलो. पण वडिलांना रोपं विकणाऱ्याने यातलं काहीच सांगितलं नव्हतं. त्याने सांगितलं होतं, 'पंधरा वर्षांत लाखो रुपये.' त्या काळात सागाच्या नावावर पैसे गोळा करणाऱ्या योजना देशभर निघाल्या. अशा सामूहिक योजनांसाठी सेबीला १९९९ साली नियम करावे लागले. सरकारी जंगलात साग साधारण ६०-८० वर्षांनी तोडतात. बाटलीतून झाडाचा वंश येतो, त्याची वर्षं येत नाहीत. जमीनही येत नाही. सागाला पाण्याचा निचरा लागतो. आमच्या बांधाच्या खालच्या अंगाला काळी चिकण माती आहे, श्रावणात तिथे पाणी साचतं. बियांच्या रोपाला असतं तसं सोटमूळ या रोपांना नसतं. फुटव्याला मागाहून फोडलेल्या मुळांवरच ती उभी राहतात.

सोळाव्या वर्षी वडिलांनी खालच्या अंगाचं एक झाड तोडलं. बाहेरचा पांढुरका भाग चार बोटं रुंद, मधला सोनेरी गाभा वाटीएवढा. सुताराने फळी हातात घेऊन पाहिली आणि म्हणाला, "काका, पांढरं तेवढं वाळवी खाईल." त्या फळ्यांचं आम्ही गोठ्याचं दार केलं. बाकीची झाडं वडिलांनी नंतर कुणाला तोडू दिली नाहीत.