पांढऱ्या रंगाचं सोवळं

मुंबई-पुण्याच्या जलरंगवाल्यांत पांढऱ्या रंगाचं एक सोवळं होतं. उजेड म्हणजे कोरा कागद. तो पहिल्यापासून राखायचा, मागाहून ट्यूबमधून काढून थापायचा नाही. थापलात की चित्र मळलं. जे. जे. मध्ये शिकलेल्यांच्या हाताखाली तयार झालेल्या आम्हा मंडळींनी हे सोवळं दिल्लीलाही बरोबर आणलं. 1990 च्या दशकात मी दिल्लीतल्या मुनिरक्यात राहायला आलो तेव्हा पोस्टर कलरच्या बाटल्यांचा आणि आपला संबंध एलिमेंटरी-इंटरमीजिएटच्या परीक्षांबरोबर संपला, असंच धरून चाललो होतो. तेव्हापासूनच्या वह्या आता एकापुढे एक मांडल्या, तर ते सोवळं कसं सुटत गेलं ते दिसतं. हे सगळं इथल्या इमारतींनी करून घेतलं.

आधी हवेचं बोलू. मुंबईत वॉश मारला की तो निवांत वाळतो, रंग रंगात उतरायला सवड मिळते. मा. कृ. परांडेकर, सा. ल. हळदणकर यांच्यापासून चालत आलेली आपली जलरंगाची रीत या ओलाव्यावर पोसली आहे, असं माझं मत आहे. मुनिरक्यात मे महिन्यात लू सुटली की आकाशाचा वॉश निम्म्यावर येईतो वरची कड वाळून रेघ उमटलेली असते. जानेवारीच्या धुक्यात नेमकं उलटं, कागद वाळता वाळत नाही.

मुनिरका हे जाटांचं, टोकस मंडळींचं जुनं गाव. त्याच्या आसपासच्या जमिनी सरकारने घेतल्या आणि 1960-70 च्या दशकांत आर. के. पुरम, वसंत विहार, जेएनयू उभं राहिलं. त्यामुळे पाठीवर बोर्ड टाकून निघालं की पायी फिरण्याच्या टापूत पाच-सहाशे वर्षांचं बांधकाम भेटतं. आर. के. पुरमच्या सेक्टर 5 मधला वजीरपूर गुंबद आणि त्याच्या भोवतालची लहान थडगी लोदी काळातली. जवळच बावडीही आहे. सुरुवातीची वर्षं मी तिथेच घालवली. अरवलीच्या करड्या-तांबूस दगडाचं डबरी बांधकाम, वर चुन्याचा गिलावा, त्यावर पावसाने उतरलेले काळे ओघळ. काळे ओघळ ओल्या वॉशमध्ये छान उतरतात. फसते ती चुन्याची भिंत. ती पांढरीही नाही आणि पिवळीही नाही, शिवाय तिला चकाकी अजिबात नाही. पारदर्शक रंगाखालून कागद चमकतो आणि भिंत ओली दिसायला लागते. एकदा कॅमलच्या बाटलीतला पांढरा पिवळ्या मातीत कालवून लावला आणि भिंत कोरडी झाली. यात जादू काही नाही. स्वस्त पोस्टर कलरला दाटपणा येतो तो बराचसा खडूच्या भुकटीने, आणि खडू काय, चुना काय, एकाच कुळातले. ही बाटली काढणारी कॅमलिन म्हणजे दांडेकरांची, 1931 साली मुंबईत निघालेली. 2011 मध्ये ती जपानी कोकुयोकडे गेली, पण बाटली दिल्लीतल्या कोपऱ्यावरच्या दुकानातही तीच मिळते.

आपल्या सोवळ्याचं वय किती, हेही एकदा पाहिलं पाहिजे. 1790 च्या दशकात पुण्यात मॅलेट या इंग्रज रेसिडेंटाच्या आणि जेम्स वेल्स या चित्रकाराच्या सहवासात गंगाराम चिंतामण तांबट यांनी वेरूळ-कार्ल्याची लेणी काढली. त्यांची चित्रं आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. इकडे दिल्लीत मझहर अली खान यांनी काढलेल्या इमारतींचा अल्बम थॉमस मेटकाफ या साहेबाने 1844 मध्ये तयार करवला. आपल्याकडच्या लघुचित्रांची परंपराच अपारदर्शक रंगांची. या चित्रकारांनी साहेबाकडून पातळ वॉश घेतला, पण पांढरा रंग टाकून दिला नाही. आणि साहेब तरी कुठे सोवळ्यात होता? त्यांच्या टर्नरने फ्रान्समधल्या नद्यांकाठची गावं निळ्या कागदावर ग्वाशमध्येच, म्हणजे अपारदर्शक जलरंगातच रंगवली. आपलं सोवळं मधल्या काळातलं, वर्गात घोटलेलं.

आपल्याकडे इमारतींसाठी अपारदर्शक रंग खऱ्या अर्थाने हाताळला तो वास्तुविशारदांची पर्स्पेक्टिव्ह काढणाऱ्यांनी, आणि त्यांना गॅलरीवाले कधी चित्रकार म्हणायचे नाहीत. बेळगावचे रवी परांजपे (1935-2022) त्यांतले मोठे. न बांधलेल्या इमारतीवर दुपारचं ऊन पाडून दाखवायचं, काचेत समोरचं झाड उमटवायचं, ही कामं पांढऱ्याशिवाय होत नाहीत. संगणक आला आणि तो धंदा बसला. पुढे मिलिंद मुळीकांसारख्या पारदर्शक जलरंगाच्या उस्तादाने अपारदर्शक रंगांवर वेगळं पुस्तक काढलं, तेव्हा कुठे आमच्यातल्या कर्मठांची तोंडं बंद झाली.

पुन्हा माझ्या टापूकडे येतो. जेएनयूचं काम सोपं होतं. सी. पी. कुकरेजांनी आखलेल्या त्या लाल विटांच्या इमारती खडकांत आणि वेड्या बाभळींत अशा बसल्यात की बर्न्ट सिएना कागदावर ओता आणि बाजूला व्हा. (होस्टेलांना नद्यांची नावं आहेत. गोदावरी आणि तापीच्या दारात बसून रंगवताना मराठी माणसाला उगाच बरं वाटतं.) भिंतींवर विद्यार्थी संघटनांची हाताने रंगवलेली भलीमोठी पोस्टरं असायची. विटेवरचा तो लाल-काळा-पिवळा ग्वाशनेच जमायचा, कारण मुळात ती पोस्टर कलरनेच काढलेली. 2019 मध्ये ती उतरवली गेली. माझ्या त्यानंतरच्या चित्रांत भिंती नीटनेटक्या आहेत आणि चित्रं जरा कंटाळवाणी झाली आहेत.

जेएनयूतल्या पार्थसारथी रॉकवरून स्वच्छ दिवशी कुतुबमिनार दिसतो. 2016 च्या नोव्हेंबरात तो धुरात दिसेनासा झाला. मिनार आधी नेहमीसारखा रंगवला आणि वाळल्यावर पातळ, किंचित पिवळट पांढऱ्याचा एक हात वरून फिरवला. दिल्लीचा धूर असाच दिसतो. पण ब्रश दुसऱ्यांदा फिरवायचा नाही, खालचा रंग उठून सगळा चिखल होतो.

सर्वांत जास्त शिकवलं ते गावातल्या गल्ल्यांनी. लाल डोऱ्याच्या, म्हणजे गावठाणाच्या हद्दीच्या आतल्या घरांना 1963 पासून बांधकामाच्या नियमांतून सूट मिळाली, आणि भाड्याच्या खोल्यांसाठी चार-चार, पाच-पाच मजले चढत गेले. समोरासमोरचे छज्जे एकमेकांना टेकायला आलेत. भरदुपारी खाली अंधार, वर हातभर आकाश आणि मध्ये विजेच्या तारांचा गुंता. या तारांकडे नीट पाहा. आकाशावर आलेली तार काळी दिसते. तीच तार पुढे सावलीतल्या भिंतीवरून जाते तेव्हा फिकट, करडी दिसते. काळा भाग लांब, बारीक केसांच्या रिगर ब्रशने सरळ ओढता येतो. फिकटासाठी कागद राखू म्हणाल तर गल्लीत बसून केसाएवढ्या शे-दीडशे रेघा राखाव्या लागतील. अल्ट्रामरीनमध्ये सिएना घालून आधी सगळी सावली एकदम टाकावी, ती पुरती वाळू द्यावी, आणि मग करड्या ग्वाशने तार ओढावी. लावताना वाटते त्यापेक्षा एक पायरी उजळ घ्यावी, कारण ग्वाशचे फिकट रंग वाळल्यावर गडद होतात आणि गडद रंग फिकटतात.

गल्लीत बसलं की मागे गावातली वडीलधारी ताऊ मंडळी जमतात. "मेरा वाला क्यूँ नहीं बनाया?" हा ठरलेला प्रश्न. त्यांना गुंबदात रस नसतो. दाखवायची असते ती नवी, टाइल्स लावलेली दर्शनी भिंत. आणि त्यांचं बरोबर आहे. टाइल्सवरचा उन्हाचा तिरपा तुकडा हा या गावातला सर्वांत अवघड विषय आहे.

मे 2018 मध्ये मुनिरक्याला मेट्रो आली. स्टेशन जमिनीखाली, त्यामुळे चित्रात भर पडली ती फक्त दारांची. बदल झाला तो दुसरीकडे. सरोजिनी नगर, नेताजी नगर, मोहम्मदपूर अशा सात सरकारी वसाहती पाडून नव्याने बांधायचा निर्णय 2016 मध्ये झाला. दिल्लीतल्या कितीतरी मराठी कुटुंबांची नोकरीची वर्षं अशा क्वार्टरांत गेली. मळका चुना, हिरव्या खिडक्या, दारात कडुलिंब. या क्वार्टरांची चित्रं आमच्यापैकी कुणीच धड काढली नाहीत, सगळे गुंबदांच्या मागे. आर. के. पुरमची जुनी क्वार्टरं अजून बरीच उभी आहेत. सध्या मी तीच काढतो आहे, आणि पांढऱ्याची बाटली मोठी घेतली आहे.