मंडळीच्या तोंडी राहिलेली गाणी

आमच्या मंडळीत पाळकसाहेब गीताचा क्रमांक सांगतात तेव्हा जुनी माणसं पुस्तक उघडत नाहीत. क्रमांक कानावर पडला की चाल आठवते आणि चालीमागून शब्द येतात. माझ्याकडची ‘उपासना संगीत’ या गीतपुस्तकाची प्रत आईची. तिच्यात शब्द आहेत, वर चालीचं नाव आहे, स्वर मात्र कुठेच लिहिलेले नाहीत. ते आईच्या गळ्यात होते, त्याआधी आजीच्या. नगर जिल्ह्यातल्या प्रोटेस्टंट मंडळ्यांची उपासना अशी पिढ्यान्‌पिढ्या तोंडातोंडी चालत आली. आता पडद्यावर शब्द झळकतात, कीबोर्ड वाजतो आणि पुढे उभी असलेली पाचसहा मुलं माइकवर गातात. त्यांचा भाव खरा असतो, याबद्दल मला शंका नाही. पण मागच्या बाकांवरची मंडळी गप्प असते. त्या गप्प बसलेल्या मंडळीकडे पाहून वाटलं, की उपासना आपली व्हावी म्हणून आपल्या आधीच्यांनी काय काय केलं, ते एकदा मागे जाऊन पाहावं.

अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट 1813 साली मुंबईत उतरले. 1831 मध्ये मिशनचं काम नगरला सुरू झालं आणि 1842 साली तिथूनच ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक निघू लागलं. मिशनरी आले ते आपल्या घरच्या चाली घेऊन. हेन्री बॅलंटाइन यांच्यासारख्यांनी मेहनतीने गीतं मराठीत आणली, पण इंग्रजी चालीत मराठी शब्द बसवायचा म्हणजे ऱ्हस्व-दीर्घाची ओढाताण ठरलेलीच. गाणाऱ्याची जीभ अडखळे. मंडळीत आलेले बहुतेक लोक खेड्यापाड्यांतले महार आणि मांग समाजाचे होते. त्यांच्या घरी एकतारी होती, डफ होता, रात्रभर चालणारं भजन होतं. बाकावर ताठ बसून चार कडवी म्हणायची आणि खाली बसायचं, ही रीत त्यांच्या अंगवळणी पडणं कठीणच होतं.

वाट निघाली ती कीर्तनातून. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नगरच्या परिसरात ख्रिस्ती कीर्तन उभं राहिलं. कृष्णराव रत्नाजी सांगळे हे त्यातलं मोठं नाव. उधळ्या पुत्राची गोष्ट पूर्वरंग-उत्तररंगात मांडायची, मागे साथीदारांनी ध्रुपद उचलायचं आणि समोर गावातले सगळे, ख्रिस्ती असोत वा नसोत, चावडीपुढे बसून ऐकायचे. एरवी बाहेरचे लोक देवळात येण्याची वाट पाहावी लागे. कीर्तनाने मंडळीलाच उठवून त्यांच्यात नेलं. उपासना आणि सेवा या दोन गोष्टी वेगळ्या आहेत असं त्या कीर्तनकारांना वाटत नव्हतं, हे मला फार मोलाचं वाटतं.

या तयार झालेल्या जमिनीवर नारायण वामन टिळक आले. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि पुढची बरीच वर्षं त्यांनी नगरला काढली. 1904 साली त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. त्यांच्या लेखणीतून मंडळीसाठी शेकडो पदं, भजनं, अभंग उतरले. ‘उपासना संगीता’तून त्यांची गीतं काढली तर पुस्तकाचा प्राणच जाईल. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते मोकळेपणाने सांगत. वारकरी विठ्ठलाला माउली म्हणतो, त्याच जिव्हाळ्याने टिळकांनी ख्रिस्ताला आई आणि गुरू म्हटलं. नगरच्या शेतमजूर बाईला हे समजावून सांगावं लागलं नाही. तिला ती हाक आधीपासून ठाऊक होती.

टिळकांची गीतं आपण गातो, पण त्यांनी आयुष्याच्या शेवटी जे केलं ते आपण सोयीस्कर विसरलो आहोत. 1917 मध्ये त्यांनी मिशनची पगाराची नोकरी सोडली आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ मांडला. त्या दरबारात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती. देवाची सेवा हे पगारी माणसाचं काम आणि मंडळीने फक्त ऐकायचं, ही घडी त्यांना मोडायची होती. त्यांच्या हाती वेळ थोडा उरला. 9 मे 1919 रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं आणि दरबार त्यांच्यामागे टिकला नाही. त्यांचं ‘ख्रिस्तायन’ हे काव्य अपुरं राहिलं होतं, ते त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी नेटाने पूर्ण केलं. दरबार पुढे चालवायला मात्र कुणी उभं राहिलं नाही. आपण टिळकांचा गळा घेतला आणि त्यांचा हट्ट सोडून दिला, असं माझं स्पष्ट मत आहे.

टिळकांच्याच काळात नगरहून फार दूर नसलेल्या केडगावला पंडिता रमाबाई वेगळ्याच दिशेने चालल्या होत्या. तिथल्या त्यांच्या मुक्ती सदनात दुष्काळातून वाचवलेल्या शेकडो मुली आणि विधवा राहत होत्या. 1905 च्या आरंभी रमाबाईंनी त्यांच्यातून रोज एकत्र प्रार्थना करणारे गट उभे केले आणि जूनच्या अखेरीस त्या प्रार्थनेला पूर आला. मुली रडत, मोठ्याने, एकाच वेळी प्रार्थना करू लागल्या. शिस्तीच्या उपासनेत वाढलेल्यांना हा गोंधळ वाटला. रमाबाईंनी तो थांबवला नाही. ज्यांना घरात तोंड उघडायची मुभा नव्हती त्या देवापुढे मोठ्याने बोलत होत्या, आणि पुढे त्यांतल्या कितीतरी जणी टोळ्या करून गावोगाव सुवार्ता सांगत फिरल्या.

रमाबाई मराठी शब्दाच्या बाबतीतही टिळकांच्या उलट गेल्या. टिळकांना संतांची भाषा हवी होती. रमाबाईंना शास्त्रीपंडितांच्या वळणाचा शब्द नको होता, कारण त्या शब्दासोबत जुना अर्थ आत शिरतो, ही त्यांची धास्ती होती. त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून सबंध बायबल खेड्यातल्या बाईला कळेल अशा सोप्या मराठीत आणलं. त्याचे खिळे मुक्तीतल्या मुलींनी जुळवले, छपाईही त्यांनीच केली. रमाबाई 5 एप्रिल 1922 रोजी गेल्या आणि पूर्ण बायबल 1924 साली लोकांच्या हाती आलं. दोघेही चित्पावन घरातले, दोघेही संस्कृतात मुरलेले, आणि वाटा अशा परस्परविरुद्ध. दोघांमध्ये कोण बरोबर, हा वाद आमच्याकडे अजून होतो. मला दोघांमधलं साम्य मोठं वाटतं. टिळकांनी गाणं मंडळीच्या तोंडी दिलं, रमाबाईंनी प्रार्थना आणि पुस्तक बाईच्या हाती दिलं.

एक प्रश्न या दोघांनाही नीट विचारला गेला नव्हता. तो धर्मपंडित अरविंद निर्मळ यांनी विचारला. 1981 साली बंगळूरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात केलेल्या भाषणात त्यांनी म्हटलं, की भारतीय ख्रिस्ती विचार ब्राह्मणी परंपरेशी संवाद करण्यात रमला आणि मंडळीत बसलेल्या बहुसंख्य दलित माणसाचं दुःख त्यात आलंच नाही. पुढे दलित ईशज्ञान म्हणून जी विचारधारा वाढली तिची एक सुरुवात या भाषणात आहे. नगरच्या मंडळीत बसून हे वाचताना मनाला लागतं. आपण उपासना भारतीय केली असं म्हणतो तेव्हा कोणाचा भारत आत घेतला? वीणा आली, समई आली. डफ आणि हलगीला मात्र देवळाबाहेर नाताळच्या मिरवणुकीतच जागा मिळाली.

पुण्याला शिवाजीनगरात जो आश्रम आहे, त्याची कथा इथे थोडक्यात सांगायला हवी. जॅक विन्स्लो या अँग्लिकन पाळकाने 1922 मध्ये ख्रिस्त सेवा संघ सुरू केला, तोही नगर परिसरातच. टिळकांचं इंग्रजी चरित्र लिहिणारे हेच विन्स्लो. जमिनीवर बसणं, साधी राहणी आणि केरळच्या सिरियन परंपरेच्या आधाराने तयार केलेला प्रभुभोजनाचा भारतीय विधी, हा सारा त्यांचा खटाटोप. 1927 साली याच संघात तरुण व्हेरिअर एल्विन आले आणि पुढे आदिवासींमध्ये निघून गेले. संघाच्या पुण्याच्या आश्रमाला सत्तरच्या दशकात ख्रिस्त प्रेम सेवा आश्रम म्हणून पुन्हा जीव आला आणि अँग्लिकन व कॅथलिक भगिनी तिथे एकत्र राहू लागल्या. हे सगळं सुंदर होतं. पण ते आश्रमात राहिलं. रविवारी साध्या मंडळीपर्यंत त्यातलं फारसं पोचलं नाही, कारण ते मंडळीतून निघालं नव्हतं.

कॅथलिकांकडे बदल वरून आला, तरी रुजला. वसईत पोर्तुगीज काळापासून लॅटिन मिस्सा होती. घरात सामवेदी किंवा वाडवळी बोली, लग्नात त्याच बोलीतली गाणी आणि देवळात मात्र कुणालाच न कळणारी भाषा. फादर वेदीकडे तोंड करून मिस्सा चालवत आणि मागे आयाबाया आपली रोझरी म्हणत. 4 डिसेंबर 1963 रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेविषयीचा दस्तऐवज मंजूर केला आणि लोकभाषेला दार उघडलं. काही वर्षांत वसईच्या वेदीवर मराठी आली. 1969 साली रोमने भारतासाठी आणखी बारा मुभा दिल्या. चपला काढून बसणं, पंचांग प्रणाम, मेणबत्तीऐवजी तेलाचा दिवा, आरती. देशभरात त्याला कडाडून विरोधही झाला. आरती केली म्हणजे आपण पुन्हा हिंदू झालो, ही भीती अनेक घरांत होती आणि ती भीती खोटी ठरवून हसण्यावारी नेण्यासारखी नाही. ज्या समाजाला शेजारीपाजारी कायम परकं म्हणतात, त्याला आपली खूण जपावीशी वाटणारच.

खरं म्हणजे या किनाऱ्याला मराठी उपासना नवी नव्हतीच. गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांचं ‘ख्रिस्तपुराण’ 1616 साली राशोलला छापून निघालं. सुमारे अकरा हजार ओव्यांचा तो ग्रंथ लोक देवळात ऐकत. पुढे 1684 मध्ये पोर्तुगीज राजवटीने लोकभाषेविरुद्ध फर्मान काढलं. म्हणजे साठाच्या दशकात वसईला जे मिळालं, ते एका अर्थी घरातूनच हिरावून घेतलेलं परत आलं होतं.

वसईच्या बाबतीत मला सगळ्यात जास्त सांगावंसं वाटतं ते वेगळंच. मराठी मिस्सा मिळाल्यावर तिथली मंडळी देवळात थांबली नाही. ‘सुवार्ता’ मासिक घराघरांत गेलं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो 1983 ते 2007 त्याचे संपादक होते आणि त्याच फादरांनी ऐंशीच्या दशकाअखेरीस पाण्यासाठी, शेतीसाठी, गुंडगिरीविरुद्ध हरित वसईची चळवळ उभी करण्यात पुढाकार घेतला. ज्या भाषेत प्रार्थना त्याच भाषेत मोर्चा. त्यांचं ‘सुबोध बायबल’ 2010 साली आलं, त्याला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला, आणि 2020 मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. आमच्या प्रोटेस्टंट घरांतूनही ‘सुबोध बायबल’ दिसतं. 25 जुलै 2024 रोजी फादर गेले तेव्हा नगरच्या माणसांनाही आपलं कुणी गेल्यासारखं वाटलं.

आमच्याकडे 29 नोव्हेंबर 1970 हा दिवस मोठा. त्या दिवशी नागपूरला सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. काँग्रिगेशनल परंपरेत वाढलेल्या नगरकरांना बिशप नवा होता आणि अँग्लिकनांना आमची उत्स्फूर्त प्रार्थना नवी होती. दोघांनी एकमेकांचं काही घ्यावं ही अपेक्षा होती. विधी एक झाले, पुस्तक एक झालं. पण त्यानंतरच्या दशकांत आमची कितीतरी शक्ती जमिनी, इमारती आणि निवडणुकांच्या भांडणांत गेली, हे लपवून काय उपयोग? एका गावात मी लहान असताना पंचमंडळाची सभा उपासनेपेक्षा जास्त वेळ चाललेली पाहिली आहे. त्या वर्षी तिथलं भजनमंडळ मोडलं आणि पुन्हा उभं राहिलं नाही. तबला अजून एका घराच्या माळ्यावर आहे.

मार्च 2020 मध्ये देवळांना कुलपं लागली तेव्हा अनेकांनी पाळकसाहेबांची उपासना मोबाइलवर ऐकली. पण मोबाइलला रेंज नसलेल्या वाड्यांवर दुसरंच घडलं. आजी पुढे बसली, तिने गीत सांगितलं, नातवाने वचन वाचलं, सुनेने प्रार्थना केली. कित्येक घरांत सून आयुष्यात पहिल्यांदा मोठ्याने प्रार्थना करत होती. केडगावच्या त्या जूनची मला आठवण झाली. देवळं उघडली आणि माइक पुन्हा पाच जणांच्या हाती गेला.

तरुणांच्या हिंदी-इंग्रजी गाण्यांवर माझा राग नाही. सांगळ्यांचं कीर्तनही एकेकाळी नवंच होतं. फक्त त्या कीर्तनात ध्रुपद सगळ्यांचं होतं, आणि पुढच्या पाचसहा मुलांनी माइक थोडा दूर धरून मागच्या बाकांना गायला लावावं, एवढंच माझं त्यांना सांगणं आहे.

आणि एक विनंती सगळ्याच मंडळ्यांना. ज्यांना टिळकांच्या भजनांच्या जुन्या चाली येतात त्या आज्या आता सत्तरी-ऐंशीच्या पुढे आहेत आणि चाली पुस्तकात नाहीत. येत्या उन्हाळ्यात शब्बाथशाळेच्या मुलांना त्यांच्याजवळ बसवा, एकेक गीत म्हणून घ्या, मोबाइलमध्ये उतरवून ठेवा. आणि माळ्यावरचा तबला खाली काढा.