गाडी फार खाली न आणता वळणावर पक्की कशी करावी?

आपल्या बाजारपेठेत मोटार ही आता चैनीची चीज राहिलेली नाही. पापडीच्या आठवडी बाजाराचा कापडवाला घ्या, नाहीतर सोपाऱ्याचा फर्निचरवाला. त्याची लहान गाडी सकाळी मुलांना मदरशात सोडते, दुपारी चिंचोटी-कामणमार्गे भिवंडीहून तागे आणते आणि रात्री सगळ्या घराला घेऊन निकाहच्या दावतीला जाते. मालेगावचा माल बघायचा असेल तर हीच गाडी कसारा घाट चढते. म्हणून ती वळणावर कशी वागते हा प्रश्न धंद्याचा आहे, आणि त्याहून जास्त तो जिवाचा आहे.

आपल्या तरुणांना यावर एकच इलाज ठाऊक असतो. गाडी खाली बसवा! शर्यतीच्या गाड्या जमिनीला चिकटलेल्या दिसतात, तेव्हा आपलीही तशीच हवी. काही ठिकाणी तर असलेल्या स्प्रिंगचे एक-दोन वेढे कापून देतात. हे काम स्वस्तात होते आणि दिसायला रुबाबदार असते. आमच्या मते हा पैशाचा इसराफ आहेच, शिवाय गाडी त्याने बहुधा बिघडते. आम्ही कापडाचे व्यापारी, इंजिनिअर नव्हे. पण हिशेब आम्हाला येतो, आणि या गोष्टीचा हिशेब अवघड नाही.

वळणावर गाडीला बाहेर ढकलणारा जोर वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. तेच वळण ताशी ४० ऐवजी ६० ने घेतले तर जोर दीडपट न होता सव्वादोन पट होतो. या जोरामुळे आतल्या चाकांवरचा भार बाहेरच्या चाकांवर सरकतो. किती सरकेल, हे गाडीच्या वजनाचा मध्य किती उंचावर आहे आणि डाव्या-उजव्या चाकांत अंतर किती आहे यावर ठरते. स्प्रिंग कडक घातली म्हणून एकूण सरकणारा भार फारसा बदलत नाही, गाडी फक्त कमी झुकलेली दिसते. झुकणे वेगळे आणि रस्ता सोडणे वेगळे. या दोहोंची गल्लत करणारा ग्राहक दुकानात हमखास फसतो.

आता मिसाल घ्या. समजा गाडीचे वजन १,००० किलो आहे आणि वजनाचा मध्य जमिनीपासून ५५ सेंटिमीटरवर आहे. गाडी ३ सेंटिमीटर खाली आणली तर सरकणारा भार साडेपाच टक्क्यांच्या आत कमी होईल. मग त्याच गाडीच्या टपावर कॅरिअर लावून १६० सेंटिमीटर उंचीवर ८० किलोचा गठ्ठा बांधा. वजनाचा मध्य ५५ वरून जवळजवळ ६३ सेंटिमीटरवर जातो! खाली आणून जे कमावले, त्याच्या अडीचपट टपावर गमावले. तोच गठ्ठा मागची सीट पाडून आत फरशीवर, दोन्ही चाकांच्या मधोमध ठेवला आणि दोरीने बांधला तर मध्य जागच्या जागी राहतो. याला एक पैसा लागत नाही. नव्या सामानाचा भाव विचारण्याआधी आपल्या भावांनी टपावरचा माल उतरवावा.

खाली आणण्याचा दुसरा तोटा आतल्या रचनेत आहे. आजच्या बहुतेक लहान गाड्यांत पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन इंजिनिअरची ही रचना १९५० मध्ये फोर्ड कॉन्सल गाडीत आली आणि स्वस्त व सुटसुटीत म्हणून जगभर पसरली. यात खालचा लोअर आर्म साधारण आडवा किंवा चाकाकडे किंचित उतरता असतो. गाडी फार खाली बसवली की तो उलटा, चाकाकडे चढता होतो. मग गाडीला कलवणाऱ्या तरफेची लांबी वाढते आणि त्याच स्प्रिंगवर गाडी जास्त कलू पाहते. वर शॉकअपची चाल कमी उरते. खड्ड्यात तो रबरी ठोकळ्यावर आदळतो आणि भर वळणात चाक उसळते. कापलेल्या स्प्रिंगचे तर टोकही जागेवर नीट बसत नाही.

तिसरी गोष्ट आपल्या रस्त्यांची. २०१८ साली बाजारात आलेल्या स्विफ्टची जमिनीपासूनची उंची १६३ मिलिमीटर होती. त्यातून ४० गेले तर १२३ उरतात, आणि पाच माणसे बसली की तेही राहत नाहीत. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा. प्रत्यक्षात गल्लीबोळांतून अरुंद आणि उभे गतिरोधक सर्रास आढळतात. पावसाळ्यातल्या पाण्याचे तर सांगायलाच नको. जुलै २०१८ मध्ये वसई-विरार पाण्याखाली गेले ते आपण सर्वांनी पाहिले आहे. म्हणून आमचा अंदाज असा की आपल्या भागात १५ मिलिमीटर, फार तर २० मिलिमीटरच्या पुढे गाडी खाली आणू नये. अजिबात न आणलेली उत्तम.

मग पैसा कुठे घालावा?

पहिला पैसा जुन्या सामानावर. पन्नास-साठ हजार किलोमीटर चाललेल्या गाडीचे शॉकअप, लोअर आर्मचे बुश, बॉल जॉइंट, स्टॅबिलायझरच्या लिंक, स्ट्रटच्या वरचे माउंटिंग हे सर्व उस्तादाकडून एकदा तपासून घ्यावे. मडगार्ड जोराने दाबून सोडले आणि गाडी दोन-तीनदा हेलकावली, शॉकअपवर तेल ओघळलेले दिसले किंवा टायर लाटांसारखा झिजला असेल, तर शॉकअप गेले असे समजावे. ते नेहमी जोडीने बदलावेत. या दुरुस्तीनंतरच गाडी इतकी सुधारते की पुष्कळ मालक पुढचा बेत रद्द करतात.

येथे एक बारकावा आपल्या गॅरेजवाल्या भावांसाठी. बुशचे बोल्ट गाडी जॅकवर टांगलेली असताना पक्के कसू नयेत. चाके जमिनीवर टेकवून, गाडीचा भार पडल्यावरच शेवटचा फेर द्यावा. नाहीतर रबर कायमचे पिळलेले राहते आणि काही महिन्यांत फाटते. ग्राहक माल खराब होता म्हणतो. प्रत्यक्षात माल चांगला असून कसणे चुकलेले असते.

त्यानंतर टायर. रस्त्याला धरून ठेवणारी वस्तू शेवटी तीच. त्याच स्विफ्टच्या हलक्या प्रकारात कंपनीने १६५/८० आर १४ टायर दिले आणि भारी प्रकारात १८५/६५ आर १५. दोन्हींच्या पूर्ण व्यासात अवघा २ मिलिमीटरचा फरक आहे. म्हणजे कंपनीने स्वतःच वाट दाखवून ठेवली आहे: रुंद टायर, मोठी रिम, उंची तीच, मीटरही बरोबर. याच्या पुढे जाऊन मडगार्डला घासणारे टायर घालण्यात शहाणपण नाही. हवा दाराजवळच्या पट्टीवर लिहिली असेल तितकी, आणि माल भरलेला असेल तेव्हा भरल्या गाडीसाठी दिलेली.

एवढे झाल्यावर खरा सुधार करायचा असेल तर चांगले गॅसचे शॉकअप घ्यावेत. गॅब्रिएल ही १९६१ पासूनची आपली देशी कंपनी आहे. जपानचे केवायबी, हॉलंडचे कोनी ही परदेशी नावे. कोनीच्या काही शॉकअपमध्ये कडकपणा फिरवून कमी-जास्त करता येतो. शॉकअप गाडी खाली आणत नाही. ती किती झपाट्याने झुकते आणि किती लवकर सावरते, हे तो सांभाळतो. कसाऱ्याच्या उतारावर लागोपाठ डावे-उजवे वळण येते, तेथे हाच गुण कामी येतो.

स्टॅबिलायझर बार म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना जोडणारी पोलादी सळी. दोन्ही चाके एकदम उचलली गेली तर ती गप्प असते, एकच उचलले गेले की विरोध करते. त्यामुळे गाडी झुकत नाही आणि सरळ रस्त्यावरचा आरामही जात नाही. मात्र पुढची सळी जाड केली तर पुढची चाके आधी घसरतात आणि गाडी कमी वळते. मागची जाड केली तर शेपूट बाहेर निघू शकते. पहिला प्रकार सावरता येतो. दुसरा पावसात नवशिक्याला सावरत नाही. म्हणून घरच्या गाडीचा मागचा भाग कधीही पुढच्यापेक्षा फार कडक करू नये. ज्यांच्याकडे अजून जुनी ओम्नी आहे (तिचे उत्पादन २०१९ मध्ये बंद झाले) ते माल वाढला की मागे एक पाटा जास्त घालतात. भरलेली असताना ती ठीक चालते, पण रिकामी परतताना ओल्या वळणावर तिचे मागचे चाक उड्या मारते. स्प्रिंगच्या वेढ्यांत घालायच्या रबरी बफरचीही तीच गत.

कायदाही पाहावा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतील मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे ठामपणे सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीप्रमाणे बेकायदा बदलाला प्रत्येकी ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्हीही. त्याच मापाचे चांगले शॉकअप घालणे म्हणजे झीज झालेला भाग बदलणे. स्प्रिंग बदलून उंची कमी करण्यापूर्वी आरटीओ आणि विमा कंपनीला लेखी विचारावे.

काम टाकण्याआधी चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची टेपने मोजून कागदावर लिहावी, काम झाल्यावर पुन्हा मोजावी. डाव्या-उजव्यात फरक दिसला तर तेथेच दाखवावा. अलाइनमेंट त्याच दिवशी करून घ्यावे आणि नवे स्प्रिंग बसवले असतील तर साधारण ५०० किलोमीटरनंतर पुन्हा एकदा. प्रत्येक भागाचे नाव व नंबर लिहिलेले पक्के बिल घ्यावे आणि काढलेले जुने सामान घरी आणावे.